पलटणीतून सिव्हिलमध्ये : माजी सैनिकांच्या मुलाखतीच्या तयारीचा मागोवा

भारतीय सैन्यातला जवान साधारणपणे पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान निवृत्त होतो. पेन्शन सुरू होते, पण मुले शाळेत असतात, घराचे बांधकाम अर्धवट असते आणि कामाची वीस-पंचवीस वर्षे अजून अंगात शिल्लक असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या गावागावांत ‘मेजर’ म्हणून हाक मारली जाणारी माणसे बँकेच्या दारात, साखर कारखान्यात, एमआयडीसीत दिसतात ती त्यामुळेच. या दुसऱ्या नोकरीच्या उंबऱ्यावर मुलाखत असते आणि बहुतेक जवानांच्या आयुष्यातली ती पहिलीच मुलाखत असते. भरतीच्या वेळी त्याने १.६ किलोमीटर धाव घेतलेली असते, बीमवर पुलअप्स काढलेले असतात, नऊ फुटी खड्डा ओलांडलेला असतो, मेडिकल आणि लेखी परीक्षा दिलेली असते. ‘स्वतःबद्दल सांगा’ असे त्याला कुणी विचारलेले नसते. अधिकाऱ्याचे तसे नाही. १९४३ मध्ये देहरादूनला पहिले सिलेक्शन बोर्ड बसले, तेव्हापासून मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामे आणि दीर्घ मुलाखत यांतून गेल्याशिवाय अधिकारी होता येत नाही. एकाच सैन्यातल्या या दोन वाटा पुढच्या सगळ्या इतिहासात वेगळ्याच राहिल्या.

परतलेल्या सैनिकाला काम मिळवून देण्याची व्यवस्था पहिल्या महायुद्धात उभी राहू लागली. जखमी शिपायांना हातातले कसब शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे खडकीला हलले आणि आजही अपंग सैनिकांसाठी काम करते. जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक मंडळेही त्याच काळातली. जुन्या माणसांच्या तोंडी आजही ‘सोल्जर बोर्ड’ हेच नाव आहे, पाटीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असे लिहिले असले तरी.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रश्न फार मोठा झाला. भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले होते आणि त्यातली बहुसंख्य माणसे घरी परतणार होती. त्यांच्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या हाताखाली रोजगार विनिमय केंद्रे निघाली. फाळणीनंतर निर्वासितांचे काम त्यांच्याकडे आले आणि १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. पुढच्या पिढ्यांतल्या लाखो पदवीधरांनी ज्या कचेरीत नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहिली, ती कचेरी मुळात सैनिकासाठी उघडलेली होती. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक झाले.

त्या काळात तयारी म्हणजे कागदांची तयारी. डिस्चार्ज बुक, त्यातला वर्तणुकीचा शेरा, ट्रेडचा दाखला, शिक्षणाचे सैनिकी प्रमाणपत्र. नाव रजिस्टरवर चढायचे, पाळी आली की कार्ड यायचे आणि साहेबांपुढे कागद ठेवून उभे राहायचे. साहेब शेरा वाचत आणि माणूस पाहत. ‘एक्झेम्प्लरी’ हा एक शब्द पुष्कळांना वॉचमन, ड्रायव्हर किंवा शिपाई म्हणून चिकटवून गेला. ही पद्धत साधी होती आणि अनेक घरांना तिने सावरले, हे नाकारता येत नाही. पण तिच्यात माणसाला बोलण्याची गरजच पडली नाही आणि ती सवय दोन पिढ्या टिकली.

१९६२ च्या युद्धानंतर इमर्जन्सी कमिशनवर घेतलेले तरुण अधिकारी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोकळे होऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रशासकीय आणि इतर केंद्रीय सेवांत काही वर्षे जागा राखून ठेवल्या गेल्या. परीक्षा आणि मुलाखत दोन्ही होत्या. पण सिलेक्शन बोर्डाचा अनुभव गाठीशी असलेल्यांना मुलाखतीची रीत नवी नव्हती.

जवानांसाठी मार्ग निघाला तो आरक्षणाचा. केंद्र सरकारच्या गट ‘क’ मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’ मध्ये २० टक्के, सार्वजनिक बँका आणि उपक्रमांत कारकुनी पदांसाठी १४.५ आणि त्याखालच्या पदांसाठी २४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांत १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी ठेवल्या गेल्या. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला पदवी लागणाऱ्या गट ‘क’ च्या काही पदांसाठी पात्र धरण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. तो फार मोलाचा ठरला, कारण अठराव्या वर्षी भरती झालेल्याला कॉलेज लाभलेले नसते. तरी या सगळ्या उपायांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : दार उघडले की माणूस आत जाऊन आपली बाजू आपणच मांडेल. परेडवर, दरबारात, रोल कॉलला विचारले तेवढेच उत्तर द्यायची ज्याला वर्षानुवर्षे शिस्त लागली, त्याच्याकडून ही अपेक्षा जड होती. राखीव जागा पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून रिकाम्या राहिल्याच्या तक्रारी वारंवार होत राहिल्या. त्यांचे एक कारण इथेही शोधायला हवे.

१९९१ नंतर नोकऱ्या खासगी क्षेत्रात वाढल्या आणि माजी सैनिकांपुढे सर्वांत मोठे दार उघडले ते सुरक्षा एजन्सीचे. मॉल, आयटी पार्क, एटीएम, गृहसंकुले यांना गार्ड हवे होते. महाराष्ट्रात २००२ मध्ये माजी सैनिकांचे महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरू झाले. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सीविषयक केंद्रीय कायद्याने भरतीत माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा ठेवली. या नोकरीची मुलाखत पाच मिनिटांची असे. उंची, चालणे, सेवेची वर्षे, आणि स्वतःच्या नावावर बारा बोअरच्या बंदुकीचे लायसन्स आहे का. असेल तर पगार वाढे. रोजगाराच्या दृष्टीने हे सोयीचे होते, पण त्यातून एक साचा घट्ट झाला. माजी सैनिक म्हणजे गेटवरचा माणूस, हे समीकरण मालकांच्या डोक्यात बसले आणि सैनिकांच्याही. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, रणगाड्यांच्या विद्युत यंत्रणा दुरुस्त केलेला हवालदार, सिग्नल्समध्ये संदेशवहनाची यंत्रणा सांभाळलेला नाईक, लष्करी रुग्णालयात रात्रपाळ्या केलेला नर्सिंग असिस्टंट हे सगळे एकाच निळ्या गणवेशात उभे राहिले. देशाने खर्च करून घडवलेले कौशल्य असे वाया गेले ही या काळातली सर्वांत मोठी हानी होय.

याच सुमारास संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तिपूर्व अभ्यासक्रम विस्तारले. अधिकाऱ्यांना आयआयएमसारख्या संस्थांत सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापन शिक्षण मिळू लागले. जवानांसाठी संगणक, अग्निसुरक्षा, गोदाम व्यवस्थापन, वैद्यकीय सहायक असे विषय आले. बायोडेटा लिहिणे आणि सराव मुलाखत ही अंगे अशा प्रशिक्षणात हळूहळू शिरली. मग आणखी एक बदल झाला. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट ‘क’, ‘ड’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ च्या पदांसाठी मुलाखत बंद केली. सरकारी नोकरीची वाट आता सरळ लेखी परीक्षेची झाली. पुण्यामुंबईच्या क्लासेसमध्ये विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून अंकगणित घोटणारे चाळिशीतले माजी सैनिक दिसू लागले. मुलाखत उरली ती मुख्यतः खासगी कंपन्यांत आणि तिथे तिचे वजन वाढले.

खासगी कंपनीतल्या मुलाखतीची तयारी नेमकी कशाची करायची, हे एका पदावरून चांगले कळते. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, पलटणीच्या बोलीत सीक्यूएमएच. भिवंडीच्या वेअरहाऊसमध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी असा माणूस गेला आणि म्हणाला, “सीक्यूएमएच होतो सर, सतरा वर्षे सर्व्हिस, कंपनीचा स्टोअर बघत होतो,” तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘कंपनी’ म्हणजे सैन्यातली तुकडी हेही त्याला ठाऊक नसते. तोच माणूस असे सांगू शकतो : “शंभर-सव्वाशे माणसांचे कपडे, राशन, तंबू, बिछाने माझ्या ताब्यात असत. आवक-जावक रोज लेजरला चढायची, ठरल्या वेळी मोजणी आणि ऑडिट व्हायचे. तुकडी हलली की सगळा माल मोजून ट्रकवर चढवायचा आणि पोचल्यावर मोजून उतरवायचा. कमी भरले तर जबाब मला द्यावा लागे.” दुसऱ्या उत्तरात बढाई नाही, एकही इंग्रजी वाक्य नाही; फक्त काम दिसते. अशी चार-पाच कामे आधी कागदावर लिहून, घरच्या माणसाला समजेपर्यंत सांगून पाहणे ही तयारीची पहिली पायरी ठरली. बायको किंवा कॉलेजातली मुलगी यांच्याइतका चांगला परीक्षक त्यासाठी सापडत नाही, कारण त्यांना पलटणीचे संक्षेप पाठ नसतात. आता गोदामात नोंदी संगणकावर असतात; एक्सेल आणि स्टॉकचे एखादे सॉफ्टवेअर शिकून घेतलेले असले की लेजरच्या अनुभवाला आजचा आधार मिळतो.

सांगण्याला मर्यादाही आहेत. कुठे तैनात होतो, ठाण्यावर किती माणसे आणि कोणती हत्यारे होती, हे मुलाखतीत बोलायचे नसते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. म्हणून कामाचे स्वरूप आणि जबाबदारी सांगावी, ठिकाण आणि युनिटचा तपशील टाळावा, असे शिकवले जाते. समंजस मुलाखतकार त्याचा मान ठेवतो.

काही प्रश्न मात्र सैनिकांनाच विचारले जातात आणि त्यांची उत्तरे आधी ठरवून जावी लागतात. “पेन्शन आहे, मग नोकरी कशाला?” या प्रश्नावर घरखर्चाची कैफियत मांडण्यापेक्षा पुढची किती वर्षे काम करायचे आहे आणि याच कामात का, हे सांगणे उपयोगी पडते. “तुमच्यापेक्षा वयाने लहान मॅनेजर चालेल?” हा प्रश्न अवघड वाटतो, पण त्याचे उत्तर सैनिकाइतके सहज कुणाकडे नसते : बावीस-तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटच्या हाताखाली प्रत्येक हवालदाराने काम केलेले असते आणि त्याला घडवण्यात हातभारही लावलेला असतो. “आमच्याकडे हुकूम चालत नाही,” असे ऐकवले जाते तेव्हा जवानांच्या रजा, घरचे वाद, आजारपण, एकमेकांतले रुसवे कसे हाताळले ते सांगावे. सेक्शन कमांडरच्या कामाचा मोठा भाग हाच असतो आणि बाहेरच्यांना तो माहीत नसतो.

पगाराच्या प्रश्नावर मात्र बहुतेक जण अडखळतात. “जे द्याल ते” हे उत्तर नम्र असते, पण त्याने नुकसान होते. सैन्यात पगार वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार ठरतो. घासाघीस करायची वेळच येत नाही. त्या जागेला बाजारात काय मिळते याची चौकशी गावातल्या आधी नोकरीला लागलेल्या माजी सैनिकांकडे करून एक आकडा मनात ठेवणे, आणि पेन्शनची रक्कम त्यातून वजा न करणे, या दोन गोष्टी अनुभवी मार्गदर्शक आग्रहाने सांगतात. पेन्शन मागच्या सेवेची आहे. नव्या मालकाने ती आपल्या पगारात मोजण्याचे कारण नाही.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या विषयाला वेगळे वळण दिले. चार वर्षांनी तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात, बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतात. त्यांना पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये त्यांच्यासाठी १० टक्के जागा ठेवण्याचे तेव्हाच जाहीर झाले आणि सेवेतल्या प्रशिक्षणाचे श्रेयांक धरून इग्नूची पदवी घेण्याची सोय झाली. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास पुरी होतात. हा उमेदवार चाळिशीतला हवालदार नाही. तो बावीस-पंचवीस वर्षांचा असतो, त्याच्या शेजारी त्याच वयाचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक बसलेले असतात आणि “चार वर्षांनी कायम का झाला नाहीत?” हा प्रश्न त्याला विचारला जाणार असतो. त्याचे उत्तर योजनेच्या रचनेतच आहे, आणि ते त्याला शांतपणे, कमीपणा न मानता देता आले पाहिजे. सतरा वर्षांच्या सेवेतल्या जवानाला निवृत्तीपूर्वीच्या वर्षात जी तयारी करायला मिळते, ती याला चार वर्षांच्या आत, ड्यूटी सांभाळून करावी लागते. ट्रेडचे प्रमाणपत्र, पदवीचे उरलेले श्रेयांक आणि स्वतःच्या कामाच्या नोंदी तिसऱ्या वर्षापासूनच जमवायला हव्यात. शेवटच्या महिन्यांत कायम होण्याची स्पर्धा सुरू असते आणि दुसरे काही सुचायला सवड उरत नाही.