अंजनवेलचा गोपाळगड : मालकी आणि जबाबदारी



आमचे नंदिगड्डे ज्या जोयडा तालुक्यात आहे, तेथेच उगम पावणारी काळी नदी कारवारजवळ सागरास मिळते. तिच्या मुखावरील टेकडीवर सदाशिवगड उभा आहे. नदीचे मुख ज्याच्या हाती, आतल्या मुलखाचा व्यापार त्याच्या हाती, हे जुन्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते. याच जातीचा, परंतु खासगी मालकीत गेल्याने निराळा ठरलेला दुर्ग म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेलचा गोपाळगड होय.

वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दक्षिण तीरावर हा गड असून समोर दाभोळचे पुरातन बंदर आहे. चिपळूणकडे जाणारी गलबते याच्या नजरेखालून जात. विजापूरकरांचा हा कोट १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी घेतला. १६९९ मध्ये तो जंजिऱ्याच्या सिद्दी खैरातखानाकडे गेला. १७४४ च्या सुमारास तुळाजी आंग्रे यांनी तो जिंकून त्यास 'गोपाळगड' हे नाव दिले. १७५६ मध्ये तो पेशव्यांकडे व १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

गडाचा विस्तार सुमारे सात एकर आहे. जमिनीच्या बाजूस कातळात खोदलेला खोल खंदक, त्यामागे रुंद तट व भक्कम बुरूज अशी त्याची रचना आहे. समुद्राच्या बाजूस उतारच रक्षणास पुरेसा.

१९६० च्या सुमारास गड खासगी मालकीत गेला व तटाच्या आत आंब्याची बाग फुलली. पुढे एकविसाव्या शतकात शासनाने त्यास संरक्षित स्मारक ठरविले.

बागाइतदारास दोष देणे मला उचित वाटत नाही. दाम मोजून घेतलेल्या जमिनीचे उत्पन्न तो पाहणारच. आंबा दरसाल पैसा देतो, तट काहीच देत नाही. म्हणून वडाचे मूळ चिऱ्यांत शिरले तरी ते कोणाच्या हिशेबात येत नाही. अशा वास्तूची डागडुजी कोणी करावी, हे विक्रीच्या वेळीच कागदावर ठरले पाहिजे.

चाळीस वर्षे धान्याचा व्यापार करताना मी एक गोष्ट शिकलो. गोदाम आपले असले तरी आतील ठेव परक्याची असते. उंदराने पोते कुरतडले तर जबाब आपणासच द्यावा लागतो. जुनी वास्तू ही पुढील पिढ्यांची अशीच ठेव आहे. आपल्यापैकी अनेकांकडे वडिलोपार्जित वाडे व विहिरी आहेत. त्यांच्या डागडुजीसाठी दरसाल खातेवहीत एक रक्कम मांडावी, इतकीच नम्र विनंती.