मूळ रूप कोणाचं, कारखान्याचं की मालकाचं?

लेखमाला : जुनी यंत्रं, चालती यंत्रं (भाग नववा)

आतापर्यंतच्या भागांत आपण रेडिओ आणि टेपरेकॉर्डर पाहिले. तिथं एक गोष्ट वाद न घालता मान्य केली होती, की यंत्र कारखान्यातून जसं बाहेर पडलं त्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायचं. बटण मूळचं, कापड मूळचं, स्पीकरही जमला तर मूळचा. या आठवड्याच्या यंत्राला हा नियम लावायला गेलो तर त्याचं वाटोळं होईल. त्याचं मूळ रूप त्याच्या मालकानंच मोडलं आणि स्वतःच्या हातानं दुसरं उभं केलं.

यंत्र आहे सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात जाहीर झालेला घरगुती संगणक. आत झेड-८० जातीचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. १६ किलोबाइट मेमरीवाला १२५ पौंडांना, ४८ वाला १७५ पौंडांना. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधी गाण्यांची कॅसेट. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन १९८६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं आणली. त्याआधी आला तो कोणाच्या तरी भाच्या-पुतण्याच्या बॅगेतून. सरकारनं १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. बाकीच्या शाळांतल्या मास्तरांनी संगणक वर्तमानपत्रात वाचला. आमच्या भागातल्या एका गणिताच्या सरांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. सर आता निवृत्त आहेत आणि त्यांचा स्पेक्ट्रम सध्या शहागडला माझ्या बाकावर आहे.

बाकावर ठेवला तेव्हा तो स्पेक्ट्रम आहे हे ओळखू येत नव्हतं. जुन्या स्टॅबिलायझरची पत्र्याची पेटी, तिच्यावर क्रीम रंगाचा सनमायका, त्यात पाच-पाचच्या आठ गटांत बसवलेली चाळीस पुश बटणं. प्रत्येक बटणाखाली बारीक ब्रशनं, काळ्या एनॅमलनं काढलेलं अक्षर. बाजूला लाल रीसेट बटण, मागं पिवळं व्हिडिओ सॉकेट. आत टेलिफोन केबलच्या रंगीत तारा, सुतळीनं बांधलेल्या. गाठी सगळ्या एकाच पद्धतीच्या.

एखाद्या संग्राहकाला हे दाखवलं तर तो म्हणेल, पेटी फेका आणि बोर्ड काढून घ्या. आज परदेशात स्पेक्ट्रमची कोरी केस आणि नवी रबरी कळपट्टी विकत मिळते. बोर्ड त्यात बसवला की झाला मूळचा. पण असे मूळचे स्पेक्ट्रम जगात लाखोंनी विकले गेले. ही पेटी एकच आहे. शिवाय इथला एकही बदल हौसेखातर केलेला नाही. प्रत्येकामागं अडचण आहे आणि ती अडचण आपल्याकडची आहे.

टीव्हीचंच बघा. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर पाठवतो, कारण ब्रिटनमधले टीव्ही यूएचएफवर चालत. आपलं दूरदर्शन तेव्हा व्हीएचएफवर होतं आणि घरातल्या बहुतेक सेटला ते ३६ नंबरचं चॅनेल लावताच येत नसे. म्हणजे यंत्र हजारो मैलांवरून आलं, सुरूही झालं, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. सरांनी बोर्डवरचा चित्र पाठवणारा टिनचा छोटा डबा, म्हणजे मॉड्युलेटर, उघडून त्याच्या आतल्या दोन तारा सोडवल्या आणि सरळ व्हिडिओ सिग्नल शिल्डेड मायक्रोफोन वायरनं बाहेर काढला. आज जगभर स्पेक्ट्रम दुरुस्त करणारे हाच बदल पहिल्यांदा करतात. सरांनी तो तेव्हा गरजेपोटी केला.

कळपट्टीचंही तसंच. मूळच्या रबरी कळांखाली प्लॅस्टिकची पातळ पारदर्शक पट्टी असते, तिला मेम्ब्रेन म्हणतात. तिच्या दोन शेपट्या बोर्डात खोचलेल्या, एकीत पाच रेषा, दुसरीत आठ. पाच गुणिले आठ, म्हणून चाळीस कळा. या शेपट्या वयानं आणि उन्हाळ्यानं कडक होतात आणि बोर्डाच्या तोंडाशी तडकतात. आमच्याकडच्या मे महिन्यात तर त्यांना निमित्तही लागत नाही. हा हिशोब समजलेल्या माणसाला नव्या मेम्ब्रेनसाठी लंडनला पत्र लिहावं लागत नाही. तेरा तारा, चाळीस स्विच आणि सनमायकाचा तुकडा एवढ्यावर काम भागतं.

आता दुरुस्तीकडे. सर्वांत आधी काय करायचं नाही ते सांगतो. पंचवीस-तीस वर्षं बंद असलेलं यंत्र आणलं आणि प्लगात घातलं, असं करू नका. आधी पेटी उघडा, मोबाइलवर प्रत्येक तारेचा फोटो काढा, कोणत्या रंगाची तार कुठून कुठं जाते ते वहीत उतरवून घ्या. घरी बदल केलेल्या यंत्राचा नकाशा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

या पेटीत मला एकच गोष्ट अशी दिसली जी राखायची नव्हती. मूळ अडॅप्टर जळाल्यावर सरांनी ट्रान्सफॉर्मर पेटीच्या आतच बसवला होता. २३० व्होल्टचे जोड नुसत्या कापडी टेपनं गुंडाळलेले, पत्र्याला अर्थिंग नाही, फ्यूज नाही. टेपचा गोंद सुकून टेप आपोआप सुटायला लागली होती. तो ट्रान्सफॉर्मर मी जागेवरच ठेवला, पण त्याचा विजेशी संबंध तोडला, आणि पुरवठा बाहेरच्या अडॅप्टरवर नेला. जे जीव घेऊ शकतं तिथं इतिहासाचं कौतुक करत बसायचं नसतं.

बाहेरचा अडॅप्टर लावताना एक सापळा आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण त्याच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं आणि बाहेरचं धन. आज बाजारात मिळणारे अडॅप्टर बहुतेक याच्या उलटे. पिन बसते, व्होल्ट जुळतात आणि बोर्ड जातो. तेव्हा आधी मीटर लावा, मगच पिन.

जुना पुरवठा स्थिर केलेला नव्हता, हेही लक्षात घ्या. रात्री शेतातले पंप बंद झाले की गावात व्होल्टेज चढतं. तसं ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या ९ व्होल्टचे १२ होतात. बोर्डवरचा ७८०५ रेग्युलेटर त्यातले ५ पुढं सोडतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. यंत्र पाऊण अँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टवर ३ वॅट उष्णता, १२ व्होल्टवर सव्वापाच. सरांनी ७८०५ ला हातभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी जोडून ती पेटीच्या पत्र्याला टेकवली होती. ती तशीच आहे. नवीन स्थिर अडॅप्टरवर ती आता नुसती कोमट होते.

मग जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. हे बिनबोभाट करायचं काम आहे, त्यात चर्चेला फार काही नाही. पण खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ जातीच्या आठ मेमरी चिपांबद्दल थोडं थांबायला हवं. यांना तीन तऱ्हेचा पुरवठा लागतो : एक नंबरच्या पायाला उणे ५ व्होल्ट, आठ नंबरला १२, नऊ नंबरला ५. हे १२ आणि उणे ५ बोर्डवरच एक छोटी कॉइल आणि ट्रान्झिस्टर मिळून बनवतात. तो ट्रान्झिस्टर गेला आणि उणे ५ नाहीसे झाले, की या चिपा स्वतःच तापून मरतात. म्हणून पहिल्यांदा वीज देताना प्रवाहाला मर्यादा घालता येणारा बेंच सप्लाय वापरावा, आणि काही सेकंदांतच हे तीन पाय मोजावेत. इथं तिन्ही ठीक निघाले. टीव्हीवर पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्च, १९८२ ही ओळ उमटली.

इथं बरेचजण काम संपलं म्हणून हात झाडतात. पण सरांनी यंत्राबरोबर एक कॅसेट दिली होती आणि खरी तपासणी तिनं केली.

कॅसेटवर त्यांचा स्वतःचा प्रोग्राम होता, पाढ्यांच्या सरावाचा. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. पण त्यात वापरणाऱ्याला स्वतःची एकवीस चिन्हं काढता येतात. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं, म्हणजे आठ आकड्यांचं. सरांनी सर्वांत वरची ओळ पूर्ण भरली, आकडा २५५, ती झाली शिरोरेखा. अक्षरं शेजारी ठेवली की शिरोरेखा आपोआप जुळते. काना म्हणजे २५५ आणि त्याखाली सात वेळा २४. पण शिरोरेखा अशी छपराला टेकवली तर मात्रेला जागा कुठली? त्यांनी मात्रा हे वेगळं चिन्ह केलं आणि ते पडद्यावरच्या वरच्या ओळीत, अक्षराच्या डोक्यावर छापलं. दीर्घ उकार तसाच खालच्या ओळीत. एकवीस चिन्हांत सगळी बाराखडी मावणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी शब्दच तीन निवडले : 'पाढे', 'बरोबर' आणि 'चूक'. प, काना, ढ, मात्रा, ब, र, च, ऊकार, क. नऊ चिन्हांत काम भागलं. पहिली कितीतरी देवनागरी सॉफ्टवेअर यापेक्षा ओबडधोबड होती, असं माझं मत आहे.

प्रोग्राम चढला, चालला आणि पडद्यावर शीर्षक आलं : 'एबीसी', आणि सीच्या डोक्यावर एकटाच 'डी', तेही रोमन लिपीत. उत्तर बरोबर दिलं तर 'ईएफबीईएफ'. बाकी गणित अचूक!

याचा अर्थ असा. यंत्र सुरू होताना त्या एकवीस जागांत ए ते यू ही अक्षरं भरून ठेवतं. त्यांच्या जागी आपली चिन्हं लिहायची असतात. ४८ किलोबाइटच्या यंत्रात ही जागा ६५३६८ या घरापासून सुरू होते, १६ च्या यंत्रात ३२६०० पासून. सरांनी प्रोग्राममध्ये ६५३६८ हा आकडा थेट लिहिलेला. चिन्हं तिकडं लिहिली जात होती आणि यंत्र वाचत होतं दुसरीकडे. मी 'प्रिंट यूएसआर ए' ही आज्ञा दिली, उत्तर आलं ३२६००. सरांनी १६ चं ४८ केलेलं यंत्र स्वतःला पुन्हा १६ चंच समजत होतं. सुरू होताना ते मेमरीचं एकेक घर तपासतं आणि पहिलं चुकीचं घर लागलं की तिथंच मेमरी संपली असं धरतं. कुरकुर करत नाही, चूक दाखवत नाही.

वरच्या ३२ किलोबाइटची गोष्टही मजेशीर आहे. सिंक्लेअर कंपनी इथं ६४ किलोबिटच्या अशा चिपा स्वस्तात घ्यायची ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच बाद ठरलेला असे, आणि उरलेला चांगला अर्धा वापरायची. कोणता अर्धा चांगला, ते बोर्डवरच्या एका छोट्या तारेनं ठरायचं. सरांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अख्ख्या चांगल्या ४१६४ आणल्या आणि सोबत लागणाऱ्या चार लॉजिक चिपा. म्हणजे त्यांचं यंत्र कंपनीच्या यंत्रापेक्षा सरस मालाचं होतं.

चिपा खराब नव्हत्याच. दोष सॉकेटमध्ये होता. त्या काळचे स्वस्त सॉकेट पायाला एकाच बाजूनं धरतात, आणि चांदीचा मुलामा असलेले पाय हवेनं काळे पडतात. एक चिप पातळ स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून बाहेर काढली, तर तिचे पाय तव्याच्या बुडासारखे काळे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फायबरच्या ब्रशनं पाय स्वच्छ केले, आठही सॉकेट गोल भोकांचे, चांगल्या पकडीचे बसवले. चिपा सरांच्याच. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्याच आज्ञेला उत्तर आलं ६५३६८. मग कॅसेट पुन्हा चढवली आणि 'पाढे' मराठीत आलं, मात्रेसकट.

सनमायकावरची अक्षरं काही ठिकाणी बोटांनी पुसट झाली आहेत. ती मी परत रंगवलेली नाहीत आणि रंगवूही नयेत. सर्वांत जास्त पुसट आहे एंटरचं बटण आणि त्यानंतर सात, आठ, नऊ. पाढे कुठं अडत होते ते त्यावरून कळतं.

पुढच्या आठवड्यात कॅसेट : टेपरेकॉर्डरचं हेड कसं जुळवायचं आणि टेपवरचा प्रोग्राम आजच्या संगणकात फाइल करून कसा उतरवायचा. तोवर एक विनंती. घरातल्या जुन्या कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा वाजवून पाहा. गाण्याऐवजी किर्रर्र असा सलग कर्कश आवाज आला, तर ती बिघडलेली समजू नका. तिच्यावर काही भरू नका, चुंबकापासून आणि उन्हापासून दूर ठेवा, आणि ती कोणी, कोणत्या यंत्रावर भरली होती ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून त्याच डबीत घाला.