आयर्लंडांतील वलयाकार दफनचर आणि त्यांचा कालनिर्णय

पोथीचा काळ केवळ अक्षराच्या वळणावरून ठरवूं नये, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. जुनें वळण पुढचा लेखकहि गिरवितो. म्हणून कागद, शाई, पुष्पिका आणि मजकूर या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. जेथें मुळीं अक्षरच नाहीं अशा प्रागैतिहासिक अवशेषांस हा नियम किती कडकपणें लागतो, हें आयर्लंडांतील वलयाकार दफनचरांच्या उत्खननांवरून चांगलें समजतें.

हा चर म्हणजे जमिनींत वर्तुळाकार खणलेली नाली होय. व्यास कांहीं ठिकाणीं चारपांच मीटर, तर कांहीं ठिकाणीं पंधरा-वीस मीटरांपर्यंत असतो. मधोमध खड्डा करून त्यांत, अथवा चरांतच, अस्थि ठेवीत. येथें ‘दफन’ म्हणजे बहुधा दहनोत्तर अस्थींचें निक्षेपण समजावें. पुष्कळ ठिकाणीं चरांतील माती आंत टाकून लहान उंचवटा रचलेला असे. परंतु शतकानुशतकांच्या नांगरटीनें तो सपाट झाला, आणि चर मातीनें भरून दृष्टीआड झाला. तथापि भरलेल्या चरांतील माती खोल असल्यामुळें ओल धरून ठेवते. अवर्षणांत भोंवतालचें पीक सुकलें तरी तिच्यावरील पीक हिरवें राहतें, व आकाशांतून पाहतां शेतांत हिरवें वलय उमटतें. २०१८ च्या उन्हाळ्यांत बॉइन नदीच्या खोऱ्यांत न्यूग्रेंजजवळ अनेक प्राचीन रचना याच रीतीनें प्रकट झाल्या.

उत्खननांत चर एकदम उपसून काढीत नाहींत. मध्यें मातीच्या भिंती राखून त्याचे आडवे छेद घेतात, म्हणजे थर दिसतात. तळाशीं चर खणल्यानंतर लवकरच ढांसळलेली माती असते. तिच्यावरील गाळ सावकाश सांचलेला असतो. वरच्या थरांत सांपडलेली वस्तु चर खणल्यानंतर कित्येक शतकांनीं पडलेली असूं शकते. मूळ लेखन आणि समासांतील उत्तरकालीन टीप यांत जो भेद, तोच येथें तळ व वरचा थर यांत.

आतां मुख्य प्रश्न कालाचा. केवळ आकृतीवरून तो सुटत नाहीं. मेयो परगण्यांतील कॅरोजेम्स येथील दफनभूमीचें उत्खनन जोसेफ रॅफ्टरी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत केलें. तेथील कांहीं दफनें कांस्ययुगांतील, तर कांहीं लोहयुगांतील ठरलीं. म्हणजे एकाच भूमीवर शेकडों वर्षांच्या अंतरानें लोक पुन्हा आले. लीश परगण्यांतील बॅलीडेव्हिस येथें १९९५ सालीं रस्त्याच्या कामापूर्वीं खोदतां १६ मीटर व्यासाचा चर लागला. त्याच्या मध्यभागीं दग्ध अस्थि, कांशाची पेटी, वस्त्राची टांचणी आणि ८० हून अधिक मणी मिळाले. या वस्तूंमुळें तें दफन लोहयुगाचें म्हणतां आलें. पण ज्या चरांत मूठभर अस्थींवांचून कांहींच नाहीं, त्यांचें काय करावें?

या प्रश्नाचें उत्तर दीर्घकाळ मिळत नव्हतें. हाडांचा काळ त्यांतील सेंद्रिय द्रव्याच्या कार्बनावरून काढीत, आणि तें द्रव्य अग्नींत नष्ट होतें. १९९८ मध्यें लांटिंग व ॲना ब्रिंडली यांनीं दाखविलें कीं, तीव्र उष्णतेनें पांढऱ्या पडलेल्या हाडाच्या खनिजांत अल्प कार्बन शिल्लक राहतो व त्यावरून काळ काढतां येतो. पूर्वीं मुकें मानलेलें हाड यायोगें बोलूं लागलें. मात्र येथेंहि सावधपणा हवा. दहनसमयीं लांकडांतील कार्बन हाडांत शिरतो. चितेचें लांकूड फार जुनें असेल तर काळहि वास्तविकापेक्षां मागें जातो.

आकारसाम्याचा मोह आपणांसहि होण्याजोगा आहे. शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत चतुष्कोन व वर्तुळाकार अशा श्मशानांचा भेद सांगितला आहे. तेवढ्यावरून त्या दूरच्या बेटाशीं आपला संबंध जोडणें म्हणजे दोन पोथ्यांचा आकार सारखा म्हणून त्यांचा कर्ता एक मानणें होय.

लिखित परंपरेची मर्यादा तारा येथें स्पष्ट होते. या राजपीठावरील वास्तूंचीं नांवें मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांत, विशेषतः स्थलनामकथांत, आलीं आहेत. जॉर्ज पेट्री व जॉन ओ’डोनोव्हन यांनीं १८३० नंतरच्या दशकांत तीं नांवें प्रत्यक्ष भूमीवर जुळविलीं; तें काम मोलाचें आहे. परंतु ज्या टेंकाडास ‘ओलिसांचें टेंकाड’ म्हणत, तें १९५५ ते १९५९ च्या उत्खननांत पांच हजार वर्षांहून जुनें दफनगृह ठरलें, व त्याच्या मातींत कांस्ययुगांतील दफनेंहि निघालीं. नांव खरें, परंतु कर्त्यांस तें ठाऊक नव्हतें.

त्याच टेकडीवर, ‘धर्मसभांचा कोट’ या नांवाच्या वलयांकित स्थळीं, १८९९ ते १९०२ या काळांत ब्रिटिश लोकांस इस्राएलाचे वंशज मानणाऱ्या कांहीं मंडळींनीं बायबलांतील कराराच्या पेटीसाठीं खोदकाम केलें. डग्लस हाइड, जॉर्ज मूर व येट्स यांनीं १९०२ मध्यें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत निषेध केला. पेटी मिळाली नाहीं. थर मात्र विस्कळित झाले. १९५२-५३ मध्यें शॉन ओ रीर्दान यांस तें स्थळ पद्धतशीर खोदतांना हा उपद्रव सोसावा लागला.

जीर्ण पोथीची नक्कल करून ठेवतां येते. थरांची नक्कल होत नाहीं. उत्खनन म्हणजे एकदांच होणारें वाचन, व तें वाचीत असतांच पान नष्ट होतें. म्हणून खोदणाऱ्याचे छेद, नकाशे आणि टिपणें हेंच पुढच्या अभ्यासकाचें मूळ हस्तलिखित होय. वस्तु जपणाऱ्यानें हींहि तितक्याच आस्थेनें जपलीं पाहिजेत.