दोन पिनांचा छोटा बल्ब बदलताना

बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूरकडच्या नव्या घरांत आता छताला पीओपी असते, स्वयंपाकघरात चिमणी असते, शोकेसला आणि देव्हाऱ्याला आतून उजेड असतो. या ठिकाणी बरेचदा बोटाच्या पेराएवढा एक बल्ब लपलेला असतो. त्याच्या बुडाला तारेसारख्या दोन पिना असतात. नेहमीच्या बल्बच्या टोपीलाही बाजूला दोन पिना असतात, पण तो दाबून फिरवायचा असतो. हा छोटा सरळ आत खोचायचा आणि सरळ ओढून काढायचा. फिरवला तर पिन वाकते किंवा काच फुटते. (पिना जाड आणि टोकाला बोंडासारख्या असतील तर तेवढा एक प्रकार फिरवून निघतो.)

एवढ्याशा वस्तूवर डॉक्टरने कशाला लिहायचे, असे वाटेल. पण भाजलेली बोटे, मोडलेले मनगट आणि विजेचा झटका या तीन तक्रारी घेऊन येणाऱ्यांना ‘काय करत होता?’ विचारले की ‘बल्ब बदलत होतो’ हे उत्तर अधूनमधून येतेच. दिवाळीच्या साफसफाईत जरा जास्त.

खरे तर रुग्णालयांचा या बल्बशी जुना संबंध आहे. प्रयोगशाळेतल्या अनेक सूक्ष्मदर्शकांच्या पोटात सहा व्होल्ट, वीस वॅटचा असाच दोन पिनांचा हॅलोजन बल्ब असतो. हिवतापाचा जंतू रक्तात शोधायचा तो त्याच्याच उजेडात. तो बदलताना तंत्रज्ञ काचेला उघडे बोट लावत नाहीत. कागदात किंवा स्वच्छ फडक्यात धरून बसवतात. हॅलोजनची काच साधी नसते, क्वार्ट्झची असते आणि पेटल्यावर अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. बोटाचा घाम आणि तेल तिच्यावर राहिले की तेवढी जागा खराब होते आणि बल्ब लवकर जातो, कधी तडकतो. चुकून हात लागलाच तर थंड असतानाच स्पिरिटने पुसून घ्यावा. एलईडीला हा सोवळेपणा लागत नाही.

दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या आणि त्यावरचे बारीक अक्षर वाचून घ्या. पहिली गोष्ट व्होल्ट. काही बल्ब बारा व्होल्टचे असतात, त्यांच्यासाठी छतात वेगळा ट्रान्सफॉर्मर लपवलेला असतो. काही थेट घरातल्या 230 व्होल्टवर चालतात. बाराचा बल्ब 230 वर लावला तर क्षणात फुटू शकतो, आणि काचेचे कण डोळ्यात जातात. दुसरी गोष्ट पिना. जी-4 लिहिले असेल तर दोन पिनांमध्ये चार मिलिमीटर अंतर, जी-9 असेल तर नऊ आणि पिनांना तारेचा वेढा. जी-9 हा घरच्या पूर्ण दाबावर चालणारा असतो. जी-4 बहुधा बाराचा, पण एलईडीत 230 चे जी-4 देखील विकले जातात, म्हणून पिना जुळल्या एवढ्यावर घेऊ नका. तिसरी गोष्ट वॅट. फिटिंगवर जेवढा आकडा लिहिला आहे त्यापेक्षा जास्तीचा हॅलोजन लावला की प्लॅस्टिक वितळते. वीस वॅटच्या हॅलोजनचे काम साधारण अडीच-तीन वॅटचा एलईडी करतो आणि तो फारसा तापतही नाही. माझे मत विचाराल तर देव्हारा, चिमणी आणि लहान मुलांच्या हाताशी येणारी जागा, इथे हॅलोजन ठेवूच नये. फक्त जुन्या ट्रान्सफॉर्मरवर इतका कमी भार आला की काही वेळा एलईडी लुकलुकतो. अर्धशिशीवाल्यांना ते सोसत नाही. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरही बदलून घ्यावा.

आता सर्वांत धोक्याची सवय. आपल्याकडे लाइट जाते आणि कोणीतरी म्हणते, ‘लाइट नाही तोवर बदलून टाकू.’ लाइट गेली म्हणजे तारेत वीज नाही असे नसते. ती कोणत्याही क्षणी परत येते, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज त्या होल्डरपर्यंत आलेली असू शकते. भिंतीवरचे बटण बंद करणेही पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले सापडते. तिथे बल्ब विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. म्हणून मेन स्विच बंद, इन्व्हर्टर बंद, मग टेस्टर, मग हात. हात आणि पाय कोरडे, पायात रबरी चप्पल. हॅलोजन जळत होता तर दहा-पंधरा मिनिटे थांबा.

स्टुलावर साठीच्या पुढच्या माणसाने चढू नये. वर मान करून हात उंच धरला की वयस्कांना चक्कर येते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. दोन फुटांवरून पडूनही खुब्याचे हाड मोडते. शेजारच्या पोराला हाक मारा, वायरमनला दोन पैसे द्या.

कोणी विजेला चिकटलेच तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. शुद्ध नाही आणि श्वास नाही, तर 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी चक्कर, छातीत दुखणे, धडधड किंवा भाजल्याची खूण असेल तर ईसीजी काढायलाच हवा. बाई गरोदर असेल तर काही जाणवत नसले तरी तिला आणा. विजेची बाहेरची जखम तिळाएवढी दिसते, आतली तशी नसते.

नुसते बोट भाजले असेल तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काही नको. ते खरवडून काढताना कातडी सोबत निघते. बर्फही नको.

नवा बल्ब घेताना उजेडाचा रंगही विचारा. पाकिटावर 6500 के लिहिलेला पांढरा निळसर उजेड आपल्याकडे फार खपतो. भाजी निवडायला, अभ्यासाला तो ठीक. पण झोपेआधीचे दोन तास अशा उजेडात गेले की झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरते, आणि मोतीबिंदू असलेल्यांना त्याची तिरीप त्रास देते. निजायच्या खोलीत 2700 ते 3000 के चा पिवळसर बरा. दुसरीकडे, साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, कारण बाहुली आकसते आणि भिंग पिवळे पडते. म्हणून आजी-आजोबांच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, पायाच्या उंचीला, एक दोन वॅटचा पिवळसर एलईडी रात्रभर चालू ठेवा. महिन्याला जेमतेम पाऊण युनिट वीज जाईल.