संगणक म्हातारा होतो म्हणजे काय होते?

वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाटची एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. संगणक कक्षात दहा-बारा वर्षांपूर्वी आलेले संगणक आहेत. ते सुरू होण्यातच पाच मिनिटे जातात. ‘भंगारात काढा’ असा सल्ला लगेच मिळतो. मुलांचा संगणकाचा तास मात्र त्याबरोबरच बंद पडतो. म्हणून आधी पाहू या, मंद काय झाले आहे?

सायकलची साखळी झिजते, तसा प्रोसेसर झिजत नाही. तो पूर्वीइतकीच गणिते आजही करतो. वाढले आहे ते नव्या सॉफ्टवेअरचे ओझे, आणि ते प्रथम जाणवते रॅम व हार्ड डिस्कला.

रॅम म्हणजे शिक्षकांचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे ग्रंथालयाचे कपाट, असे समजा. टेबल भरले की काही पुस्तके कपाटात ठेवावी लागतात आणि पुन्हा लागली की आणावी लागतात. संगणकही हेच करतो. हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद जातात. त्यामुळे विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचता येते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तिला एका वाचनास ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो.

निदान सोपे आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के गुंतलेली दिसली, तर एसएसडी बसवावी. मेमरी सतत भरलेली असेल तर रॅम ८ जीबीपर्यंत वाढवावी. मात्र डीडीआर-३ आणि डीडीआर-४ पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून जुनी पट्टी पाहूनच नवी घ्यावी. काम करण्यापूर्वी फायलींची प्रत काढावी आणि विजेची वायर काढून ठेवावी.

पेटी उघडलीच आहे, तर पंख्यावरची धूळही काढावी. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

एक अडचण सुट्या भागांनी सुटत नाही. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. अशा वेळी लिनक्स हा मोफत पर्याय आहे. लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली वापरता येते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवत आहेत. लिनक्स मिंट तर डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते.

या उपायांनी प्रोसेसरची ताकद वाढत नाही. चित्रफितींचे संपादन पूर्वीइतकेच रेंगाळेल. पण टंकलेखन, स्प्रेडशीट, पायथॉनचे धडे आणि इंटरनेट यांना एवढे पुरते.

सुरुवात एकाच संगणकापासून करावी. सुरू होण्याचा वेळ आधी आणि नंतर विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून पाच-पाच वेळा मोजावा व सरासरी काढावी. हाताने काम करत शिकण्याचा ‘नई तालीम’चा विचार १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला होता. उघडलेली संगणकाची पेटी हा त्याच वळणाचा एक पाठ होईल. इतके करूनही जो संगणक चालणार नाही, त्याचे चांगले भाग दुसऱ्यासाठी काढून ठेवावेत आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवावा.