धरणाखालची नदी

धरण म्हटले की आपल्याला कालवा आठवतो, वीज आठवते. धरणाखाली जी नदी उरते तिचे पुढे काय होते, हे आपण सहसा विचारीत नाही. अमेरिकेच्या अरकॅन्सास राज्यातील व्हाइट नदीची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

तेथे १९५१ साली बुल शोल्स धरण उभे राहिले. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे वरचे पाणी तापते. थंड पाणी जड, म्हणून ते तळाशी राहते. वीजघरात जाते ते हेच खोलवरचे पाणी. त्यामुळे भर उन्हाळ्यातही धरणाखाली नदी गार वाहते. कोमट पाण्यात वाढणारे बाससारखे मूळचे मासे त्या गारठ्यात टिकेनात. त्यांच्या जागी सरकारने थंड पाण्याचा ट्राउट आणून सोडला. जवळच्या नॉरफोर्क धरणाखाली १९५७ साली नुकसानभरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्रही काढले. म्हणजे आज हौशी लोक जो मासा धरतात, तो त्या नदीचा मूळ रहिवासीच नव्हे!

ही नदी पाळीत काम करते. विजेची मागणी कमी असली की पाणी उतरते. मग लोक पाण्यात उभे राहून, पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा गळाला लावतात. मागणी वाढली की भोंगा होतो, जनित्रे फिरू लागतात आणि पाणी चढते. भोंगा दूरवर ऐकू जात नाही. लाट मात्र काही तासांनी का होईना, तेथेही पोचते. म्हणून जाणता माणूस काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवतो. तो बुडू लागला की बाहेर निघतो. वल्ह्याच्या होडीत बसणाऱ्याने चढत्या पाण्यात नांगर टाकू नये. नांगर अडकला तर होडी वर उचलली जात नाही, पाणी आत शिरते.

वीजघर बंद असले की पूर्वी नदी फार आटत असे व मासे-किडे उघडे पडत. २०१३ पासून बुल शोल्समधून किमान प्रवाह सोडण्याची व्यवस्था झाली. आम्हा कामगारांच्या भाषेत हे नदीचे किमान वेतन होय. काम असो वा नसो, जगण्यापुरते मिळालेच पाहिजे. बास त्याने परतला नाही. तेव्हा धरण बांधताना विजेचा हिशेब जसा मांडतात, तसाच खालच्या नदीचाही आधीच मांडावा, इतकेच माझे सांगणे आहे.