चार दिवसांचा लळा

सुट्टीत आठवडा-पंधरवडा परगावच्या किंवा परदेशातल्या अनाथालयात जाऊन मुलांना शिकवणे, त्यांच्याशी खेळणे, भिंती रंगवणे आणि जोडीने प्रार्थना व बायबलमधील कथा सांगणे, या उपक्रमाला ख्रिस्ती मंडळ्यांत ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. परभणीसारख्या जिल्ह्यात असे सेवक कोणाच्या उपयोगी पडतील हे ठरवायचे, तर तेथील मूल पोरके कशाने होते हे आधी पाहावे लागते.

गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि लेकरे आजी-आजोबांकडे ठेवतात किंवा फडावर सोबत नेतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. ही जोडी म्हणजे एक ‘कोयता’ आणि एकटे माणूस ‘अर्धा कोयता’. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, तर मागे राहिलेली बाई या हिशेबात अर्धी ठरते आणि तिच्या लेकरांना वसतिगृह किंवा बालगृह दाखवले जाते. त्या लेकरांना आई असते. नसते ती घर चालवण्यापुरती मिळकत. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथांच्या जोडीनेच विधवांचा उल्लेख येतो, हे सेवेच्या ओढीने येणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवेचा सर्वांत मोठा दाखलाही याच जोडीचा आहे. 1870च्या दशकातील दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले ते प्रामुख्याने विधवांसाठी, आणि 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्यावर पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले, जेथे शेती, विणकाम, छपाई अशी पोटाला आधार देणारी कामे शिकवली जात. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट बाई त्यांच्या साहाय्याला आल्या, त्या मुंबईत सुमारे दहा वर्षे काम केल्यानंतर, आणि केडगावी त्या अनेक वर्षे राहिल्या. रमाबाईंच्या कामाचे बळ या टिकून राहण्यात होते, आणि आजच्या धावत्या भेटींत नेमके तेच हरवते.

मूल ज्याच्या कुशीत रोज निजते, ज्याच्या हातचे जेवते, त्याच्याशी त्याचे जिव्हाळ्याचे बंधन जुळते आणि त्या बंधनावर त्याची वाढ अवलंबून असते. रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील 136 बालकांपैकी निम्मी प्रतिपालक कुटुंबांत ठेवली गेली, तेव्हा त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस आढळली, आणि जितक्या लहान वयात घर मिळाले तितका लाभ अधिक दिसला. दर पंधरवड्याला नवा ‘दादा’ किंवा ‘ताई’ लळा लावून निघून जाते तेव्हा आधीच माणसे गमावलेल्या मुलाला तीच ताटातूट पुन्हा सोसावी लागते. येणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी हे दुःख कमी होत नाही.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. 2015च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेले निराधार मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांच्या जिल्हास्तरीय मंडळापुढे, हजर करावे लागते; नोंदणीवाचून बालगृह चालवता येत नाही; आणि कलम 74 अशा मुलाची ओळख किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते, त्यामुळे भेटीची आठवण म्हणून मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणे हा अपराध ठरू शकतो.

मूल नात्यात किंवा कुटुंबात राहावे म्हणून राज्याच्या बालसंगोपन योजनेतून 2023पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे गोळा करताना रोजंदारी बुडवून तहसीलला खेटे घालणाऱ्या बाईला सोबतीची खरी गरज असते. परभणीतच राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या मंडळीतील माणसांनी ही सोबत वर्षभर करावी, आणि बाहेरून येणाऱ्यांनी आपल्या प्रवासखर्चाचा काही भाग त्यांच्या कामासाठी कायदेशीर मार्गाने द्यावा. स्वतः यायचेच असेल, तर मुलांना सांभाळणाऱ्या काकू-मावशींना प्रशिक्षण द्यावे, हिशेब नीट लावून द्यावेत, गळके छप्पर दुरुस्त करावे.